रेघ मारलेलं नाव

आधी माफी मागून ठेवते. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, आणि अक्षर म्हणाल तर कोंबडी पानावरून चालत गेल्यासारखं. ही वही मी कुणाला दाखवणार नाही. नातीच्या हाती लागली तरी तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे तिकडून भीती नाही. पण दुसऱ्या कुणी उघडलीच, तर चुका मोजत बसू नका. मी कुणासमोर धड बोलू शकत नाही. लिहिताना निदान कुणी तोंडाकडे बघत नाही, म्हणून लिहिते.

मी टेक्सासमध्ये शुगर लँडला मुलाकडे राहते. मालक गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं. सकाळी साडेसातला घर रिकामं होतं. मुलगा आणि सून ऑफिसला, नात शाळेत. मग दिवसभर मी आणि एसीचा आवाज. उन्हाळ्यात दार उघडलं की भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर येते, त्यामुळे बाहेर पडणं नाही. मला बसवत नाही. गावाकडे बसायची सवयच लागली नाही. धुतलेली भांडी मी पुन्हा पुसायची, कपाटातले डबे काढून परत तसेच लावायची, आणि घड्याळात बघितलं तर नऊसुद्धा वाजलेले नसायचे.

आमच्या गल्लीच्या टोकाला काकू राहायच्या. जन्माने अमेरिकन, गोऱ्या. त्यांचे मालक पुण्याचे डॉक्टर होते, फार पूर्वी इकडे आलेले. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली. महाराष्ट्र मंडळातले सगळे त्यांना काकूच म्हणायचे. लग्नानंतर दोन वर्षं त्या पुण्याला सासरी राहिल्या, तिथे मराठी शिकल्या. ‘तो खुर्ची’ आणि ‘ती दूध’ म्हणायच्या, पण ‘इश्श’ आणि ‘कर्म माझं’ कुठे म्हणायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं. वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांचा मधला भाग गेलेला, कडेचं तेवढं दिसायचं. मी समोर उभी राहिले तर त्यांना माझं तोंड दिसायचं नाही, बाजूला सरकले की साडीचा रंग सांगायच्या.

सून त्यांना मंगळवारी आणि शुक्रवारी डबा पाठवायची. तो पोचवायचं काम माझं. एका मंगळवारी डबा ठेवून मी निघाले, तर म्हणाल्या, “बस गं जरा. तुला इंग्लिश वाचता येतं का?”

“नाही काकू. एबीसीडी येते. नातीच्या पुस्तकातून शिकले.”

“हाताने लिहिलेलं येतं?”

“ते तर मुळीच नाही.”

“मग तूच पाहिजेस मला,” त्या म्हणाल्या.

मला वाटलं थट्टा करतात. पण त्यांनी मला आतल्या खोलीत नेलं. तिथे टेबलावर कागदांचे गठ्ठे होते. मोठ्या कागदांवर जुन्या वह्यांच्या पानांचे फोटो छापलेले. सगळं तिरकं, बारीक, शाई कुठे फुटलेली.

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं, ते मंडळात कुणालाच माहीत नव्हतं. आता लिहायला हरकत नाही, नावं तेवढी घालत नाही.

लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या, तेव्हा एकदा जेवणं झाल्यावर सासरे श्राद्धाला म्हणायची नावं सांगत बसले होते. बाप, आजा, पणजा, त्याच्याही वरचे. मग कुणीतरी विचारलं, सूनबाई, तुमच्याकडचं सांगा. काकूंना आजीच्या पलीकडे कुणाचं काही ठाऊक नव्हतं. एकच गोष्ट ठाऊक होती. त्यांची खापरपणजी इंग्लंडमधल्या एका खेड्यातली. तरुणपणी नवरा गेला, पदरात दोन पोरं. गावच्या चर्चकडे गरिबांसाठी फंड असायचा. त्यातून तिला बोटीच्या भाड्यासाठी आठ पौंड उसने दिले, अमेरिकेला जाऊन कमवायचे आणि फेडायचे या बोलीवर. तिचा भाऊ जामीन राहिला. ती गेली आणि पैसे बुडवले. काकूंच्या आजीने ही गोष्ट हसत सांगितली होती, काकूंनीपण हसत सांगितली.

दुसऱ्या दिवशी घरातली चांदीची वाटी सापडेना. तेव्हा नणंद म्हणाली, “वहिनींना विचारा. त्यांच्याकडे घ्यायचं आणि बोटीत बसायचं अशी पद्धत आहे.”

सगळे हसले. वाटी मागच्या मोरीजवळ राखेत सापडली. पण नणंदेचं ते वाक्य राहिलंच. नणंद आता नव्वदीची, पुण्यात असते, दर रविवारी फोन करते. लोणच्याची कृती विचारली तरी म्हणते, “सांगते, पण परत करा हो.”

“वाईट नाही ती,” काकू म्हणाल्या. “पण साठ वर्षं झाली गं. मला बाकी काही नको. तिने दिले की नाही दिले, एवढं कळू दे. नसतील दिले तर नसतील. पण मला कळलं पाहिजे.”

त्यांना घाई होती. ऑगस्टअखेर घर विकून मुलगी त्यांना आपल्याकडे नेणार होती, दुसऱ्या राज्यात. हे सगळे कागद तिथे मावणार नव्हते.

“मुलीला का नाही विचारत?” मी म्हटलं.

“ती चार जणांना सांगेल. मंडळातल्या मुलांना विचारलं तर चाळीस जणांना. तुला वाचता येत नाही म्हणून तू कुणाला सांगणार नाहीस.” मग म्हणाल्या, “आणि तू तशीही बोलत नाहीस.”

ते खरं होतं.

कामाची रीत अशी. इंग्लंडमधल्या त्या गावात एक बाई होती, ती फावल्या वेळात चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो काढून काकूंना पाठवायची. काकू फोनशी बोलायच्या आणि कोपऱ्यातला प्रिंटर कागद टाकायला लागायचा. काकूंनी एका पुठ्ठ्यावर जाड काळ्या पेनाने खापरपणजीचं आडनाव लिहून दिलं होतं, जुन्या वळणाचं. मला ते वाचता येत नव्हतं, पण त्याचा आकार पाठ झाला. दोन अक्षरांची टोकं वर, मध्ये गाठ, शेवटच्याचं शेपूट खाली वळलेलं. तो पुठ्ठा डाव्या हातात धरायचा आणि उजव्या हाताचं बोट पानावरून खाली न्यायचं. तसाच आकार दिसला की तिथे लाल टिकली लावायची. हो, कपाळाचीच. मी पाकीट घेऊन जायची. मग काकू ते पान त्यांच्या मोठं करून दाखवणाऱ्या यंत्राखाली ठेवून, मान वाकडी करून, एकेक अक्षर कडेने वाचायच्या. एका ओळीला कधी अर्धा तास लागायचा.

गव्हातले खडे निवडताना गहू वाचावा लागत नाही. मला ते काम जमलं. मंगळवार-शुक्रवारचं सोडाच, मी रोजच जायला लागले. मुलगा म्हणाला, “आई, तू तिकडे काय करतेस इतका वेळ?” मी म्हटलं, काकूंना सोबत. तो म्हणाला, “इट्स ओके, पण उन्हात चालत जाऊ नको, मी ड्रॉप करतो.” तीनशे पावलांसाठी गाडी.

आधी चर्चच्या तीन वह्या होत्या. पोरांना पाणी लावून नाव ठेवल्याची, लग्नाची आणि पुरल्याची. त्या गावात जन्मलेलं कुणीही या तीन वह्यांतून सुटत नव्हतं. सगळ्यात आधी मला तिचं लग्न सापडलं. नवऱ्याच्या नावापुढे वाकडीतिकडी सही, आणि तिच्या नावाजवळ एक फुली.

“ही फुली कसली?” मी विचारलं.

काकूंनी यंत्राखाली बघितलं. “तिची सही. तिला लिहिता येत नव्हतं. बाजूला पाद्रीने लिहिलंय, ही हिची खूण.”

“आमच्याकडे अंगठा देतात.”

“हो ना. माझ्या सासूबाईंनी दिलेला मी बघितलाय.”

माझ्या आईने जन्मभर अंगठाच दिला. त्या दिवसापासून मी खापरपणजीला फुलीवाली म्हणायला लागले. काकूंना ते आवडलं. त्या दार उघडतानाच विचारायच्या, “काय म्हणते फुलीवाली?”

तिच्या दोन्ही पोरांची नावं सापडली. नवऱ्याला पुरल्याची नोंद सापडली, वय एकोणतीस. ते शोधताना मला दुसरंच एक दिसलं. पुरल्याच्या वहीत वयाचा रकाना असतो, आकडे मला येतात. एका ओळीत वयाच्या जागी एक होता आणि पुढे काही अक्षरं होती. मी काकूंना दाखवलं. त्या म्हणाल्या, “एक दिवस. एका दिवसाची मुलगी. आपली नाही ती, दुसऱ्या घरातली.”

“एका दिवसाचं पोर लिहून ठेवलं?”

“ठेवलंय खरं.”

मी पुढच्या पानावर गेले नाही. माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली होती. बाराव्याला नाव ठेवायचं, त्याआधीच गेली, त्यामुळे तिला नाव नाही. आमच्या सांगलीकडच्या गावात हेळवी यायचा, बैलावर बसून. घराघराची वंशावळ त्याच्याकडे असायची. सोप्यात बसून तो सासऱ्यांच्या आजा-पणजांची नावं घडाघडा म्हणायचा, आणि नव्या पोरांची नावं घालून घ्यायचा. मुलगा झाल्यावर तो आला, तेव्हा मी दाराआड उभी होते. मुलाचं नाव घातलं. मुलगी मी पोटात धरली होती हे तिथे कुणाच्या लक्षातही नव्हतं, आणि मी बोलायची नव्हतेच.

काकूंना यातलं मी काही सांगितलं नाही. त्यांनीच विचारलं, “थांबलीस का?” मी म्हटलं, बोट दुखतंय.

जुलैच्या शेवटी फंडाच्या वहीची पानं यायला लागली. हीच खरी वही. कुणाला किती दिले, ते यात. काकूंचं बोलणं कमी झालं. मी पान उलटलं की त्या खुर्चीत पुढे सरकायच्या. “आहे?” “नाही काकू.” “बरं.” परत पुढचं पान. “आहे?” असं दिवसाला वीस-पंचवीस वेळा.

एका गुरुवारी मला ते नाव दिसलं.

आकार तोच. टोकं, गाठ, शेपूट. पण नावावरून सरळ रेघ मारलेली होती. पट्टी धरून मारावी तशी. खाली चार-पाच ओळी अगदी बारीक अक्षरात, मागून कधीतरी घातल्यासारख्या, त्यांच्यावरूनपण रेघ. वरच्या-खालच्या नावांवर काही नव्हतं. हिच्याच नावावर.

मला अशी रेघ माहीत होती. मालक गेल्यावर मी रेशन कार्ड घेऊन तालुक्याला गेले होते. तिथल्या माणसाने दाखला बघितला, कार्ड समोर ठेवलं, पट्टी लावली आणि मालकांच्या नावावरून लाल रेघ ओढली. “नाव कमी केलं,” म्हणाला आणि कार्ड माझ्याकडे सरकवलं. सासूचं नाव तसंच कमी झालं होतं, सासऱ्यांचंही. आमच्याकडे जिवंत माणसाच्या नावावर कुणी रेघ मारत नाही. मुलाने वहीत स्वतःचं नाव चुकून खोडलं होतं तर सासूने त्याला मारलं होतं.

फुलीवाली मेली होती. पैसे घेतले आणि बोटीत बसायच्या आधीच मेली असणार, नाहीतर गावच्या वहीत रेघ का मारतील. खाली बारीक लिहिलंय ते कशाने मेली ते असेल. म्हणजे पैसे तर बुडालेच. आणि काकूंची खापरपणजी म्हणून जी कोण अमेरिकेला आली, ती ही नव्हेच. काकूंकडे सांगण्यासारखी सगळी मिळून ही एक बाई होती, तीसुद्धा आता राहिली नाही.

“आहे?” काकूंनी विचारलं.

“नाही काकू,” मी म्हटलं.

मी खोटं बोलत नाही. बोलायलाच लाजणारीला खोटं कुठून सुचणार. पण ते तोंडातून आलं. काकू पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी तो कागद घडी करून डब्याच्या पिशवीत घातला.

घरी आल्यावर ठेवू कुठे ते कळेना. आधी पिठाच्या डब्याखाली ठेवला. मग सुनेने डबा उचलला तर, म्हणून उशीच्या अभ्र्यात घातला. शनिवारी अभ्रे धुवायला जातात हे आठवलं, म्हणून पेटीत साड्यांच्या घडीत. तिथून काढून मसाल्याच्या कपाटात, वरच्या फळीवर, हळदीच्या पुडीमागे. कुठेही ठेवला तरी घरात कुणीतरी बसलंय असं वाटायचं. दिवसातून चारदा जाऊन बघायची, आहे का. आमटीत मीठ दोनदा पडलं. सून म्हणाली, “आई, बरं नाही का? अपॉइंटमेंट घेऊ का डॉक्टरची?” मुलाने बीपी बघितलं, ते ठीक होतं. नात म्हणाली, “आजी, यू आर वॉकिंग इन सर्कल्स.”

एकदा धीर करून मी तिलाच कागद दाखवला. म्हटलं, ही खालची ओळ वाच बघू. तिने कागद उलटा धरला, सुलटा धरला. “आजी, दिस इज नॉट इंग्लिश,” म्हणाली आणि खेळायला पळाली. शाळेत यांना असं जोडून लिहिलेलं शिकवतच नाहीत.

काकूंकडे मी जातच होते. न जाऊन कसं चालेल. पुठ्ठा हातात धरायचा, बोट खाली न्यायचं, आणि त्यांनी “आहे?” विचारलं की “नाही काकू.” आता ते खरं असायचं, तरी मला खोटंच वाटायचं. त्यांचा डोळा माझ्याकडे नसायचाच, बाजूला भिंतीकडे असायचा. मला वाटायचं, कडेने दिसतंय त्यांना सगळं.

तीन आठवडे असे गेले. पानं संपली.

मुलगी सामान बांधायला आली. पन्नाशीची, उंच, बापासारखं नाक. तिला मराठी समजतं, बोलत नाही. खोल्यांत खोकी उघडी पडली होती. तो रविवार होता. मी पितळेची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होते, काकू खुर्चीत होत्या, आणि पुण्याहून नणंदेचा फोन आला. काकू फोन टेबलावर ठेवूनच बोलायच्या, सगळ्या खोलीला ऐकू जायचं.

“काय वहिनी, बांधाबांध झाली का? सापडली का तुमची पळालेली?”

शोध चाललाय एवढं नणंदेला ठाऊक होतं. काकू एरवी हसून काहीतरी म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या, “नाही वन्सं. सगळी पानं बघून झाली. तिने पैसे दिल्याचं कुठे नाही.”

“अगंबाई. सगळी?”

“सगळी. तुम्ही म्हणत होतात ते बरोबर होतं. पळालीच ती. भावाला अडकवून पळाली. आता मी सांगितलं तुम्हाला, झालं.”

मग नणंद हळू म्हणाली, “अहो, मी आपली थट्टा करत होते.”

“माहीत आहे,” काकू म्हणाल्या. त्यांचा हात मांडीवर होता आणि बोटं साडीची कड चुरगळत होती, सोडत होती, पुन्हा चुरगळत होती.

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवलेलं मला आठवत नाही. मी म्हटलं, “काकू, फोन ठेवू नका.” एवढ्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. दारातून बाहेर पडले, चपला राहिल्या. डांबर तव्यासारखं तापलं होतं. कडेच्या गवतातून पळत आमच्या घरी गेले, स्टुलावर चढून हळदीच्या पुडीमागून कागद काढला आणि तशीच परत आले. पाठीमागून सून विचारत होती काय झालं.

फोन चालूच होता. नणंद म्हणत होती, “कोण धावलं? काय पडलं का?”

मी काकूंसमोर उभी राहिले, मग त्यांना दिसावी म्हणून बाजूला सरकले. “काकू, हे पान मी लपवलं. तिचं नाव आहे ह्याच्यावर. पण रेघ मारलीय. ती मेली हो काकू. इकडे आलीच नाही.”

“किती दिवस झाले?”

“तीन आठवडे.”

“तीन आठवडे मी तिला चोर म्हणतेय,” काकू म्हणाल्या. “आणि तू ऐकतेस.”

मी त्यांना रेशन कार्डाचं सांगितलं. पट्टीचं, लाल रेघेचं, नाव कमी केलं म्हणाला ते. सांगताना एक वाक्य धड लागेना. काकूंनी कागद हातात घेतला, वास घेतला. “हळद लागलीय ह्याला,” म्हणाल्या, आणि तो मुलीकडे धरला. मला वाटलं होतं त्या मुलीला कधीच दाखवणार नाहीत.

मुलगी खिडकीपाशी गेली. आधी मनात वाचलं. मग परत वरून सुरुवात केली, इंग्लिशमध्ये, सावकाश. काकू ऐकत होत्या आणि माझ्यासाठी आणि फोनसाठी मराठीत सांगत होत्या.

पानाच्या वरच्या बाजूला वही लिहिणाऱ्याने लिहून ठेवलं होतं, ज्याचा हिशेब पुरा झाला त्याच्यावर रेघ मारावी, बाकीच्यांची नावं पुढच्या वहीत न्यावीत.

काकू थांबल्या. “परत वाच,” मुलीला म्हणाल्या. तिने परत वाचलं.

“म्हणजे ज्याच्यावर रेघ नाही, त्याचं देणं बाकी,” काकू म्हणाल्या.

“म्हणजे काय झालं? मला नीट सांगा,” फोनमधून नणंद.

“थांबा वन्सं, वाचतेय ती.”

खालच्या बारीक ओळी एकेका वर्षाच्या होत्या. पहिल्या वर्षी दोन पौंड, अमेरिकेहून, पत्रातून. दुसऱ्या वर्षी दोन. तिसऱ्या वर्षी काही नाही, पत्रात लिहिलंय की धाकटं पोर आजारी आहे. चौथ्या वर्षी तीन. भावाने आपल्या खिशातून देऊ केले होते, ते घेतले नाहीत, कारण बहिणीने कळवलं होतं की त्याच्याकडून घेऊ नयेत. मुलगी इथे अडखळली. तिने डोळे पुसले आणि पुढे वाचलं. तिला ही सगळी गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदाच कळत होती.

वाचून झाल्यावर पुण्याहून आवाज आला. “मग आमची वाटी कोणी घेतली होती?”

“राखेत होती, वन्सं. तुम्हीच घासायला टाकली होती.”

“ते काही मला आठवत नाही,” नणंद म्हणाली. काकू हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला, मुलीने पाणी दिलं. नणंद तिकडून म्हणत होती, “सावकाश, सावकाश. वहिनी, हे सगळं मला लिहून पाठवा. फोनवरचं माझ्या लक्षात राहत नाही. घरात सगळ्यांना वाचून दाखवीन. मीच वाचीन.”

फोन ठेवल्यावर काकू माझ्याकडे वळल्या, म्हणजे माझ्या बाजूच्या भिंतीकडे. “पुढच्या वेळी माझ्या घरातलं कुणाला मारायचं असलं तर आधी मला विचार.”

“हो काकू.”

“आता बस. लिही.”

“मी? काकू, माझं अक्षर...”

“मला लिहिता येत नाही आता. हिला मराठी लिहिणं येत नाही. तुझं अक्षर मला दिसत नाही, आणि वन्संचं वय नव्वद. बस.”

मुलीने खोक्यातून एक कोरी वही काढून दिली. हीच ती वही, पहिली दोन पानं फाडलेली दिसतील. उरलेली काकूंनी जाताना मलाच दिली. मी जमिनीवर बसले, मांडीवर वही घेतली. काकू सांगत होत्या आणि मी लिहीत होते, एकेका शब्दाला थांबत, कारण पौंड कसं लिहायचं तेसुद्धा मला विचारावं लागलं. त्यांनी घाई केली नाही. माझं काय चुकत होतं ते त्यांना दिसत नव्हतं आणि मला कळत नव्हतं.

सगळ्यात खालची ओळ त्यांनी मुलीकडून पुन्हा वाचून घेतली, मग मला सांगितली, मग मी लिहिलेली मोठ्याने म्हणायला लावली. मी म्हटली.

पाचव्या वर्षी शेवटचा एक पौंड, अमेरिकेहून आला. आठ पौंड पुरे झाले. भाऊ जामिनातून मोकळा. बाकी काही नाही.